एका कानाचा तवा

हे सगळं निभावलं ते आमच्या घरमालकीणकाकूंमुळे. त्या खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. नाव लिहू नको म्हणून त्यांनीच बजावलंय. "नाव लिवशीन तं जिन्याचं दार आतून लावून घेईन," म्हणाल्या. म्हणून नुसतं काकू म्हणते. काय झालं ते आता सांगते, पण आधी त्यांचं सांगायचं होतं, ते सांगितलं.

मी मालवणच्या बाजूची. खाडीकाठी आमचं घर. आठवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी थेट नागपूरला आले, शहराच्या कडेच्या बेसा भागात. गोदामाचं काम, महिन्यातले बरेच दिवस त्याचे बाहेरगावी जातात. घरात मी आणि आमची चार वर्षांची मुलगी. इथे सगळं मिळतं, माणसं जीव लावतात, पण सकाळी उठून घावन काढावा तर तवा नाही. घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचा पातळ डोसाच म्हणा. नॉनस्टिकवर तो होतो, पण त्याला जाळी पडत नाही. त्याला बिडाचा तवा लागतो, ओतीव लोखंडाचा, जड, दोन्ही बाजूंना धरायला कान असलेला, आणि तोही जुना, पिढीभर तेल प्यालेला. नवा तवा घावन सोडतच नाही.

मी फोनवर एकदा कुरकुरले असेन. आईने तिचा तवा भावाबरोबर पाठवून दिला. भाऊ कसल्याशा भरतीच्या परीक्षेला निघाला होता. नागपूर स्टेशनवरून रिक्षाने आला, दारात पिशवी ठेवली, भाचीचा पापा घेतला आणि रिक्षा थांबलीय म्हणून तसाच पळाला. पिशवीत सुके बांगडे, नारळ, आगळाची बाटली आणि तळाशी गोणपाटात गुंडाळलेला तवा. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. बाटलीचं बूच सुटलेलं होतं. सगळा आगळ गोणपाटाने प्यायलेला, आणि तवा असा लाल गंजलेला की मला रडूच आलं. वर त्याचा एक कान तुटलेला. जुनी वस्तू, झिजून तुटला असेल, असं मी तेव्हा धरून चालले.

मला काळजी करायला फार काही लागत नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी बसस्टॉपवरून परत आलेली आहे. तर तवा बघून मी मोबाइल उघडला. एकजण म्हणत होता, गंजाने काही होत नाही, घासा आणि वापरा. दुसरी म्हणत होती, गंजलेलं भांडं ताबडतोब फेका. तिसरा स्वतःचेच तवे विकत होता. शेवटी आई करायची तेच केलं. जाडं मीठ आणि नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, घेऊन लाल जाऊन काळं येईपर्यंत घासला, लगेच तापवून कोरडा केला, तेल लावलं, पुन्हा तापवला, पुन्हा तेल. पहिले घावन चिकटले, त्यांना लोखंडाचा वास आला, ते टाकले. मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला आणि घातला तो घावन असा सुटला की मी एकटीच हसले.

वास खाली गेला असावा. काकू वर आल्या. ताटलीतला घावन उचलून उजेडात धरला. "हे तं आमचं धिरडंच होय वं. फक्त हळद टाकाची राहिली."

"काकू, हे घावन."

"हाव, हाव. पांढरं धिरडं."

त्या दिवसापासून सकाळी एक पांढरं धिरडं खाली जायला लागलं. मुलगी तर दुसरं काही मागेना. महिनाभर तरी असं मजेत चाललं.

मग एका सकाळी मुलगी ओट्याशी स्टुलावर उभी होती आणि तवा निवत होता. तुटलेल्या जागेकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आई, याचा एक कान कोणी तोडला?"

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला.

आमच्याकडे तव्याचा कान तोडतात. मुद्दाम. माझे बाबा पाग टाकतात, म्हणजे हाताने फेकायचं जाळं. ते पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाला शिशाचे मणी लागतात, आणि ते मणी पुरुषमाणसं घरामागे बसून स्वतः ओततात. शिसं वितळवायला एखादा जुना बिडाचा तवा घेतात. एकदा त्यात शिसं पडलं की तो तवा स्वयंपाकघरात यायचा नाही. अंधारात, घाईत, नव्या सुनेच्या हातून चूक होऊ नये म्हणून आधी हातोडीने त्याचा एक कान उडवतात. एका कानाचा तवा चुलीवर चढत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पण आईने पाठवलेला म्हणजे आईचाच, या भरात महिनाभर मला ते आठवलंच नव्हतं. आमच्या घरामागे तसा एक तवा टांगलेला होता. आईच्या तव्याएवढाच. आणि पिशवी भरली तेव्हा आई बाजारात गेली होती, तवा भावाने काढला होता, एवढं मला माहीत होतं.

शिसं लहान मुलांना किती वाईट ते मी याच मोबाइलवर वाचलं होतं. महिनाभर मी माझ्या हाताने मुलीला त्या तव्यावरचं खायला घातलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाबांना फोन करायचा. तेच नाही झालं माझ्याने. आपल्या घरातून गेलेल्या तव्याने नातीला असं झालं हे कळलं असतं तर बाबा जेवले नसते. आणि खरं सांगायचं तर, विचारलं नाही तोवर ते खरं नव्हतं. मी तवा वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवला. मुलीला पोहे, उपमा, पोहे. ती तोंड फिरवायची, आणि तिने तोंड फिरवलं की मला वाटायचं, झालं, भूक मेली, हे शिशाचंच.

काकू वर आल्या. "काहून वं, धिरडं नाही का वास नाही. पोरगी रडून राहिली, अन् तू काय करून राहिली?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. पाग, मणी, कान, सगळं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. लोखंड पोटात गेलेलं चांगलंच असतं, असलंही काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्या बी खाल्ले ना महिनाभर. पण माह्यं सोड, म्या म्हातारी. आधी पोरीचं पाहू. साडी बदल."

त्यांच्या ओळखीचे लहान मुलांचे डॉक्टर रामदासपेठेत बसतात. रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, आणि आत गेल्यावर एकही आठवेना. डॉक्टरांसमोर माझं हे असंच होतं. आठवी शिकलेल्या बाईने काय विचारावं, कसं विचारावं. काकूंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. डॉक्टरांनी मुलीचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, भूक-झोप विचारली. मग म्हणाले, गंजाची भीती नको, तो घासला की गेला. पण शिसं वितळवलेलं भांडं कितीही घासलं, कितीही तापवलं तरी त्यात परत रांधायचं नाही, तुमच्याकडची कान तोडायची पद्धत अगदी योग्य आहे. शंका आहे तर रक्त तपासू. रक्त काढताना मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मुलीचा हात काकूंनी धरला. मुलगी रडली नाही. काकू तिला कुठल्यातरी चुकार बैलाची गोष्ट सांगत होत्या.

निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "पण तो तवा तोच आहे, हे नक्की ना?"

काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

दवाखान्याच्या जिन्यातच त्यांनी हात पुढे केला. "फोन दे. तुह्या बापाचा नंबर लाव."

"काकू, नको ना."

"लाव म्हणते ना."

पलीकडून बाबांचा आवाज आला, "कोण बोलता?"

"मी नागपुरातून बोलून राहिली. तुमच्या पोरीची घरमालकीण."

"काय झाला? चेडू बरा आसा मा?"

काकूंनी फोनवर हात ठेवला. "चेडू म्हंजे काय वं?"

"मुलगी."

"हाव, चेडू चांगली हाय, दोन्ही चेडू चांगल्या हायेत. मले एक सांगा भाऊ, तुमचा तो शिशाचा तवा कुठं हाय?"

"शिशाचो तवो? हयच आसा, माज्या फुड्यात. मणी ओततंय. कित्याक?"

"काहून म्हंजे? फोटो पाठवा. आत्ता. बोलण्यावर नाही."

फोटो आला तो आईने काढलेला. त्यात अर्धा बाबांचा अंगठा, आणि बाकी अर्ध्यात एका कानाचा तवा, तळाशी पांढुरकं शिसं. मी जिन्यातच खाली बसले. काकूंनी मला बसू दिलं आणि लगेच भावाला फोन लावायला लावला.

"काहून गा, हिच्या मायच्या तव्याचा कान कुठं गेला?"

भाऊ म्हणाला, "माज्या बॅगेत आसा." नागपूर स्टेशनच्या पायऱ्यांवर पिशवी हातातून निसटली होती. तुटलेला कान त्याने उचलून ठेवला होता, पुढच्या खेपेला येऊन वेल्डिंग करून गुपचूप जोडायचा म्हणून. आई मारील ही भीती, दुसरं काही नाही. घोडा झाला तरी. "आईक सांगू नकात हां, काकी."

"तुह्या मायले मीच सांगतो, थांब," काकू म्हणाल्या, पण हसत होत्या. आजतागायत सांगितलेलं नाही.

मला वाटलं, झालं, आता तवा काढू. काकू म्हणाल्या, जिन्यावरून पडलेला तवा, आतून तडकला असला तर? तापलेला असताना तुझ्या हातात दोन तुकडे होतील. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलीला आणि तव्याला घेऊन आम्ही जुन्या नागपुरात, महाल भागातल्या काकूंच्या नेहमीच्या लोखंडी भांड्यांच्या दुकानात. दुकानदाराने राहिलेल्या कानातून सुतळी ओवली, तवा हवेत धरला आणि सळईने हळूच ठोकला. ठण्ण करून वाजला, वाजतच राहिला. "सलामत हाय," तो म्हणाला. "तडा असता तं बद्द वाजला असता." कान जोडू नका, जोडलेला कान भरवशाचा नसतो, त्यापेक्षा जाड फडक्याने धरा. तापलेल्यावर गार पाणी मारू नका. चिंच-कोकमाचं त्यात ठेवू नका. आणि कधी केसाएवढी रेघ दिसली तर मोह धरू नका, भंगारात द्या. तुटल्या जागची धार त्याने कानस मारून बोथट करून दिली. काकूंनी त्याला शिशाचंही विचारलं. तो म्हणाला, "ते आपल्याले नाही समजत बाई, ते डॉक्टरचं काम."

मुलीने तिथेच हट्ट धरला, मलाही तवा वाजवायचाय. सुतळी दुकानदाराच्या हातात, सळई तिच्या, आणि गल्लीतले येणारे-जाणारे बघतायत.

रक्ताचा रिपोर्ट आला तो चांगला आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, काळजीचं काही नाही. मी तरी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी पहिल्याइतक्याच शांतपणे सांगितलं. त्यांचेही आभार.

आता सकाळी घावन होतात. जाळी चांगली पडते. मुलगी दोन खाते, तिसरा मागते आणि अर्धा टाकते. मी अजूनही आठवड्यातून एकदा तवा सुतळीला टांगून ठोकून बघते. नवरा हसतो. हसू दे.

काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणतायत. त्या पुढे ढकलतायत. मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली. "कोण बसन माह्यापाशी," असं परवा सहज म्हणून गेल्या आणि लगेच भाजीवाल्याशी बोलायला लागल्या. तेव्हा मी काही बोलले नाही, बोलले असते तर "गप वं" म्हणाल्या असत्या. पण इथे लिहून ठेवते. काकू, ज्या दिवशी तुम्ही तयार व्हाल त्या दिवशी तुमच्याजवळ मी बसेन. रात्र असो, दिवस असो. सुई टोचतील तेव्हा हात मी धरेन, भिंतीकडे बघणार नाही. आणि डॉक्टरांना जे जे विचारायचं असेल ते मीच विचारेन.