वहिनीमार्फत

विलिमाइना दमली की जांभई देत नाही. चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवते आणि दोन्ही हात मांडीवर टाकून नुसती बसते. शाळेत मी शिकवायचो त्या वर्गात होती तेव्हाही अशीच. उत्तर सुचलं नाही तर शेजारणीच्या वहीत डोकावायची नाही, पेन्सिल आडवी ठेवून खिडकीबाहेर बघायची. आता पन्नाशी उलटली आहे. सुवा शहरात माझ्याच घराच्या खालच्या मजल्यावर तिची कचेरी आहे, पाच माणसांची. पायऱ्या उतरताना चष्मा पालथा दिसला की मी परत वर जातो आणि चहाचं पाणी वाढवतो.

त्या आठवड्यात मी फार चहा केला.

दूरच्या लाउ बेटांवरच्या दवाखान्यांसाठी ती रोग्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहीत होती. तिथल्या नर्सने एखाद्या बाईचं नाव घातलं की मशीनने ओळखायला हवं, ‘ही तर आपली जुनीच’. कधी ओळखायचं, कधी नाही. ओळखलं नाही की त्याच बाईची दुसरी कोरी नोंद तयार व्हायची, आणि ‘हिला पेनिसिलिन चालत नाही’ हे वाक्य जुन्या नोंदीत मागे राहायचं. असा प्रोग्रॅम बेटांवर पाठवणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

दवाखान्यांची मशिनं गुरुवारच्या बोटीने जायची होती. त्याच बोटीने विलिमाइनालाही लाकेंबाला, त्यांतल्याच तिच्या गावच्या बेटावर, जायचं होतं. तिची आई गेली, त्याला त्या आठवडाअखेर शंभर रात्री होत होत्या. त्या रात्री सुतक सुटतं. तोवर थोरल्या मुलीने केसांना कात्री लावायची नाही. ते केस आता खांद्याच्याही बाहेर पसरले होते, आणि कामाला बसताना ती ते रबर लावून कसेबसे मागे दाबायची. पुढची बोट पंधरा दिवसांनी. कचेरीचा मालक वाईट माणूस नाही, पण त्याने स्वच्छ सांगितलं होतं, दोष निघाला नाही तर मशिनं जाणार नाहीत, आणि मशिनं नाहीत तर तूही नाहीस.

तिच्या जोडीला शलेंद्र होता. बडबड्या. दुपारी रोटीची पुडकी आणायचा आणि खाताखाता तिला हसवायचा प्रयत्न करायचा.

“दीदी, हा दोष नाही, नवरा आहे,” तो म्हणाला. “तुम्ही बघत बसलात की शहाण्यासारखा वागतो. पाठ फिरवली की पुन्हा तेच.”

“तुझ्या बायकोलाच बोलावते शोधायला.”

“नको, नको! तिला माझे सापडतात तेवढे पुरे आहेत.”

खरंच तसं होतं. कुठे चुकतंय ते बघायला त्यांनी रोग्याचं नाव पडद्यावर छापून पाहिलं की सगळं बरोबर चालायचं. छापायची ती ओळ काढली की पुन्हा ओळख पटायची नाही. असे तीन-चार दिवस गेले. मी कप ठेवताना एकदा विचारलं, “अगं, आहे काय हे?”

“मास्तर, प्रत्येक रोग्याचं सगळं बाड दरवेळी कोठारातून आणलं तर मशीन रांगायला लागेल. म्हणून आधी त्याच्या जागी एक प्रॉक्सी उभा करतो.”

“हजेरीला दुसऱ्याच्या नावाने ‘हजर’ म्हणतो, तो?”

“तोच.” ती कितीतरी वेळाने हसली. “फक्त हा प्रामाणिक. कुणी काही विचारेपर्यंत आतून रिकामा. विचारलंत की धावत कोठारात जातो आणि सगळं भरून आणतो.”

“मग अडतंय कुठे?”

“ते कळलं असतं तर तुमचा एवढा चहा प्यायले असते का?” असं म्हणून तिने चष्मा पालथा ठेवला.

बुधवारी दुपारी तिने गावी फोन लावला. हे फोन मला पाठ झाले होते. त्यांच्या बेटांवर भाऊबहीण मोठे झाले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तो मान आहे, भांडण नव्हे. त्यामुळे इलाइतिया, तिचा भाऊ, बायकोच्या शेजारी बसायचा, त्याचं खोकणं इकडे स्पष्ट ऐकू यायचं, पण प्रत्येक शब्द वहिनीच्या, सेनिमिलीच्या, तोंडून यायचा. “तो विचारतोय, यांगोना किती आणणार?” “त्याला सांग, दोन गठ्ठे.” यांगोना म्हणजे विधीत पेय करायच्या मुळ्या. दोघांनाही सगळं ऐकू येत असायचं, तरी सेनिमिली बिचारी दोन्हीकडचं पुन्हा सांगायची.

त्या दिवशी फोन उचलला गेला आणि विलिमाइनाने पलीकडे कोण आहे हेही विचारलं नाही. डोळे पडद्यावरच होते.

“आईची मासी पेटीतून काढलीत का?” मासी म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. विधीला तेच अंथरतात.

मागे कोंबडी कुरकुरत होती. मग ते ओळखीचं खोकणं.

“इलाइतिया? मासी काढलीस का?”

काही नाही.

“लाइन गेली वाटतं,” शलेंद्र म्हणाला.

“नाही. तो आहे.” तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. फोन तिने हळूच बंद केला, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरचा हात काढावा तसा. “सेनिमिली घरात नसणार. आणि मी सरळ त्यालाच... काय करून बसले मी.”

तिने चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, “तो घरात आहे. उत्तर त्याच्यापाशी आहे. मी रीतीने विचारलं नाही, म्हणून घर रिकामं.”

आणि तिने चष्मा उचलला.

पुढचं तिने तिथेच आम्हा दोघांना समजावून सांगितलं. प्रत्येक नोंदीला आतल्या खोल्या असतात. बाहेरच्याला तिथे मज्जाव. त्याने दाराशी उभं राहून विचारायचं. पण एकाच जातकुळीच्या दोन नोंदींना एकमेकींच्या आतल्या खोलीत डोकावायची मुभा आहे. दोन रोगी एकच आहेत का हे ठरवणारा भाग तिनेच लिहिला होता, आणि त्यात एक रोगी दुसऱ्याच्या खोलीत सरळ हात घालून नाव आणि जन्मतारीख बघत होता. घरचाच, त्याला कोण अडवणार? पण समोर प्रॉक्सी उभा असला की खोली रिकामी. खोलीत हात घातल्याने तो जागा होत नाही. दारातून हाक आली तरच होतो.

“आणि आपण नाव छापत होतो...” शलेंद्र उठून उभाच राहिला.

“छापायला दारातूनच विचारावं लागतं. तो जागा होतो, खोली भरते. मग हात घातला तरी सगळं सापडतं.”

“दीदी, म्हणजे आपणच त्याला उठवून विचारत होतो, की बाबा तू झोपतोस का!”

हात घालणाऱ्या ओळी तिने काढल्या आणि दारातून विचारणाऱ्या घातल्या. काम एवढंसंच. शलेंद्रने संध्याकाळपर्यंत काहीही न छापता सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. एकही बाई दोनदा आली नाही. त्याने टेबलावर तबला वाजवला. विलिमाइना हात मांडीवर टाकून बसली होती.

“आनंद नाही झाला?” मी विचारलं.

“झालाय, मास्तर. अजून पोचायचाय.”

मग तिने पुन्हा फोन लावला. या वेळी सेनिमिली होती.

“त्याला सांग, मी उद्याच्या बोटीने निघते. आणि सांग... मघाशी मी फार दमले होते.”

पलीकडे कुजबुज झाली. खोकणं झालं.

“तो म्हणतो, मघाशी कुणी काही ऐकलं नाही.” पुन्हा एक खोकणं झालं. “आणि म्हणतो, मासी परवाच काढून वाऱ्यावर टाकली आहे.”

दुसऱ्या दिवशी मशिनांची खोकी आणि यांगोनाचे गठ्ठे एकाच हातगाडीवरून धक्क्यावर गेले. बोट सुटायच्या आधीच ती एका गठ्ठ्याला टेकून झोपली होती.

परत आली तेव्हा केस कानापर्यंत कापलेले होते. त्यामुळे मान बारीक दिसत होती. मी चहा ठेवला आणि विचारलं, “भाऊ बरा आहे?”

“बरा आहे. पोचले तेव्हा समोरच बसला होता, चटईवर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सेनिमिलीला म्हणाला, ‘तिला सांग, आधी जेव आणि मग झोप. बाकीचं आम्ही बघतो.’”

“मग?”

“मग काय, तिने सांगितलं.” विलिमाइनाने कप दोन्ही हातांत धरला. “मी जेवले आणि झोपले.”