वरची फळी

सायवनच्या नाक्यावर जमनाचं किराणा दुकान. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं चालवलेलं. पुढे लाकडी काउंटर, मागे ती आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर उंदराचं औषध. ते काढायला स्टुलावर चढावं लागे. चढण्याआधी जमना गिऱ्हाइकाला नखशिखांत न्याहाळी. कशाला हवं, घरी कोण आहे, जेवलीस का. भोचकपणाच तो. मीठ आणायला गेलं तरी ही बाई घरादाराची चौकशी करते, असं म्हणून पाड्यावरच्या बायका तिला हसत.

पाड्यावरची रूपी ते औषध मागायला दोनदा आली होती. पोर तापानं गेल्यापासून ती भिरभिरलेलीच असे. पोराच्या कमरेचा काळा दोरा तिनं आपल्या मनगटाला बांधून घेतला होता.

"उंदीर लय झालेत, बाय," ती म्हणाली.

"संपलंय. बस जरा, चहा टाकते," जमना म्हणाली.

दोन्ही वेळा रूपी चहा प्यायली, रडली आणि घरी गेली.

मग जमनाच्या मुलाची, मनिषची बायको शितल घरात आली. ती वापीला दुकानांची मांडणी शिकलेली. पोरगी हुशार, मनानंही चांगली. काउंटर गिऱ्हाइकाला लांब ठेवतो, असं तिनं सासूला समजावलं. माल हातात आला की निम्मी विक्री झालीच. मीठ-तेल पार मागे ठेवायचं, म्हणजे तिथवर जाताना साबण-बिस्किटं नजरेत भरतात. मागावं लागलं नाही की माणूस मोकळेपणानं घेतो. जमनाला सगळं पटलं. काउंटर निघाला, हातानं माल उचलता येईल अशा उघड्या मांडण्या आल्या. औषध कुठे ठेवू, असं शितलनं विचारलं तेव्हा तिनंच मच्छर अगरबत्तीशेजारची जागा दाखवली. स्टुलावर चढून तिचे गुडघे दुखत होते.

दुकान चांगलं चाललं, हे नाकारता येणार नाही. चपला बाहेर काढून बिचकत शिरणाऱ्या बायका हळूहळू सरावल्या. पॅडचं पाकीट मागायला लाजणाऱ्या पोरी आता ते गुपचूप उचलत. सुनेचं कौतुक करताना जमना थकत नसे.

बाजाराच्या दिवशी गल्ल्यावर रांग लागली. जमना एकेक वस्तू बिलाच्या मशीनच्या लाल उजेडासमोर धरी, आवाज आला की पुढची घेई. मान वर करायला फुरसत नव्हती. संध्याकाळी पाड्यावरून निरोप आला. रूपी औषध खाऊन गेली.

तिचा चेहरा जमनाला काही केल्या आठवेना. आठवला तो फक्त पैसे पुढे करणारा हात आणि मनगटावरचा काळा दोरा.

शितल ढसाढसा रडली. जमनानं तिला दोष दिला नाही. तिनं औषधाची पाकिटं गोळा केली, जुनं स्टूल आणवलं आणि ती पूर्वीसारखी वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

दिवसकार्याचं सामान न्यायला रूपीची नणंद बारकी आली. तिनं टोपली पुढे सरकवली. जमनानं मशीन बाजूला सारलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

बारकी रागावली नाही. ती रागावली असती तर जमनाला बरं वाटलं असतं.

"वयनीला नाय इचारलंस, बाय," ती म्हणाली.