ह्यांना एकही अपघात झाला नाही

आमचे हे बसचे ड्रायव्हर. म्हणजे होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण उजवा पाय अजून नोकरीतच आहे. घरात खुर्चीवर बसलेले असले आणि दारातून कुत्रं आडवं गेलं, की ह्यांचा पाय फरशीवर ब्रेक दाबतो. दुसऱ्याच्या गाडीत तर विचारूच नका. गाडी चालवतो तो, आणि घामाघूम होतात हे.

तोंडात एकच पालुपद. "माझ्या हातून जन्मात एक अपघात नाही!" पाहुणा आला, सांग. दूधवाला आला, सांग. मी स्वयंपाकघरातून ऐकते. संसारात सगळं लगेच बोलून दाखवायचं नसतं, काही मुरत ठेवावं लागतं.

खोटं नव्हतं तसं. पण त्या काळी अपघात कशाला म्हणायचे, तेही ऐका. बस खड्ड्यात कलंडली तर माणसं उतरायची, धक्का मारून ती वर काढायची आणि परत चढून जागेवरून भांडायची. टपावर माणसं, दारात माणसं. समोरच्या सीटचा लोखंडी दांडा कपाळावर आपटला तर टेंगूळ आलं म्हणायचं. कुणी गेलं तरच अपघात, बाकी सगळा प्रवास. आता रस्ते रुंद झाले, गाड्या वाऱ्यासारख्या पळतात. आदळतात कमी, पण एखादी आदळलीच तर धक्का मारायला कुणी शिल्लक राहत नाही. म्हणून सीटसीटला पट्टा आला. हे मला नातीनं समजावलं. मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंतच.

नात आजोबांवर गेलेली. तिनं बस चालवायचं लायसन काढलं. तिच्या आईनं कपाळाला हात लावला, ह्यांनी गल्लीभर सांगत सुटायचं काम घेतलं. तिची शेवटची परीक्षा म्हणजे खरीखुरी फेरी. बस प्रवाशांनी भरलेली, शेजारी कंपनीचे साहेब. गाडी वेळेवर सुटली पाहिजे आणि पट्ट्यावाचून एकही माणूस नको. जमलं तर नोकरी, नाही तर परत वर्षभर डेपोत गाड्या धुवायच्या.

आम्ही दोघं पहिल्याच सीटवर. "आजोबा, एक अक्षर बोलायचं नाही हं," असं तिनं आधीच बजावलेलं. हे बोलले नाहीतच. फक्त पट्टा लावला नाही.

इंजिन सुरू झालं. तिच्यासमोर एक लाल दिवा असतो, सगळे पट्टे लागल्याशिवाय तो विझत नाही. तिनं आरशात पाहिलं.

"आजोबा, पट्टा."

"पोरी, तू पुढे बघ. उभा जन्म स्टेअरिंगवर गेला माझा. मी काय बैल आहे, दावणीला बांधायला?"

मागून एक बाप्या ओरडला, "अहो काका, घ्या ना बांधून! आम्हाला पोचायचंय."

त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "घरी बायको कशी आवरत असेल ह्यांना!"

"नाही आवरत," मी मागे वळून म्हटलं, "म्हणून तर फिरवायला काढलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोरीचे कान लालबुंद. आजोबांना खाली उतरवायचा अधिकार होता तिला, पण मन धजेना. आणि ह्यांचं आपलं सुरू, "माझ्या हातून जन्मात एक..."

मी तोंडात बोटं घातली, पुढच्या दोन दातांची कवळी काढली आणि ह्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे गं काय?"

"तुमचा न झालेला अपघात," मी म्हटलं. "लग्न नवं होतं. तुम्ही गाडी कशी चालवता ते बघायला हौसेनं पुढच्या सीटवर बसले होते. बकरी आडवी आली, तुम्ही करकचून ब्रेक मारला. बकरी वाचली. माझे दात तुमच्या पाठीमागच्या दांड्यावर गेले. मी तोंडाला रुमाल लावून बसले आणि तुम्ही खिडकीतून बकरीच्या मालकाला शिव्या देत होतात."

"तू तर म्हणाली होतीस, किडले होते!"

"मग काय सांगू लोकांना? नवऱ्यानं दात पाडले?"

बस खदखदून हसली. साहेब खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होते. ह्यांनी मुकाट्यानं पट्टा ओढला, पण तो कुठं अडकवायचा ते ठाऊक नाही. माझ्याच खाचेत खुपसायला लागले. मी हात धरून लावून दिला. टक् झालं, दिवा विझला, गाडी निघाली.

शेवटच्या थांब्यावर साहेब म्हणाले, "उशिरा सुटली गाडी."

"हो," नात म्हणाली. "एक पट्टा लागला नव्हता." कुणाचा, ते नाही म्हणाली. "पुढच्या वेळीही थांबेन."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "उद्या सकाळी डेपोत या. धुवायला नव्हे."

ह्यांची छाती लगेच फुगली. "मी मुद्दाम अडलो होतो गं. म्हटलं, पोरगी खंबीर आहे का बघू." मी कवळी पुसत होते, म्हणून हे वाचले.

परत येतानाही गाडी तिच्याच हाती. हे सगळ्यांच्या आधी चढले, पट्टा लावला आणि मागे वळून म्हणतात कसे, "लावून घ्या रे पटापट. ड्रायव्हर ऐकणारी नाही. घरचीच आहे, म्हणून सांगतो."