मिसळणाच्या डब्यातले दोरे

तलासरीत मी राहायला आले तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक शेगडी आणि भरतकामाची कापडी पिशवी होती. पालघर जिल्हा त्याच वर्षी वेगळा झाला होता आणि मला तालुक्याच्या एका कचेरीत लिपिकाची नोकरी लागली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. घर कासा गाव ओलांडून डोंगराकडे, भात आणि नागली पिकवणारं. ज्यांनी ज्यांनी मला शिकू दिलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे आणि हे मनापासून लिहिते आहे. पण शिकल्यावर एक गोष्ट अशी झाली, की घरी गेले की भाऊ शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणू लागला. सगळे जमिनीवर बसायचे, मी खुर्चीत. वहिनीबरोबर नागली पाखडायला बसले तर ती सूप ओढून घ्यायची. म्हणायची, ताई, कपडे खराब होतील तुमचे. त्यात प्रेमच होतं. तरी परतीच्या जीपमध्ये बसल्यावर मला थोडं हलकं वाटायचं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटायचं.

कचेरी सुटली की खोलीवर यायचं, भात लावायचा आणि खिडकीशी रिंग घेऊन बसायचं. भरतकामात सुख फार लहान लहान असतं. कापड रिंगमध्ये ताणून बसलं की त्यावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो. दोऱ्याच्या लडीतून एक पदर अलगद ओढला आणि बाकीचे न गुंतता जागेवर राहिले, की दिवस चांगला गेला असं वाटतं. वैतागही तेवढेच. सुई गादीत हरवते आणि मग रात्रभर कूस बदलायची भीती. कापडात टोचून ठेवलेली सुई दमट हवेत गंजते आणि नेमका पांढऱ्या जागी तपकिरी ठिपका सोडते. शेवटच्या पाकळीला दोरा संपतो. तलासरीत तेव्हा शिवणयंत्राची रिळं मिळत, भरतकामाच्या लडी मिळत नसत. त्यासाठी रविवारी डहाणूला जावं लागे. आणलेल्या लडी मी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्यांवर गुंडाळून ठेवायची. एखादा रविवार नुसता पट्ट्या लावण्यात जाई. कपाटाच्या एका खणात सगळे रंग ओळीने उभे राहिले की मी तो खण उघडायची, बघायची आणि पुन्हा लावायची. दाखवायला कोणी नव्हतं.

म्हणजे दाखवत असे मी. कचेरीतल्या सहकारी बाईंनी डबा खाता खाता कापड हातात घेतलं आणि म्हणाल्या, "छान. टाइमपास बरा आहे, मॅडम." घरमालकीणबाईही छान म्हणाल्या आणि लगेच पाण्याच्या टाकीबद्दल बोलू लागल्या. वहिनीने तर विचारलं, बाजारातून आणलंत का. छान हा शब्द मी तेव्हा इतका ऐकला, की तो ऐकला की कापड घडी करून आत ठेवायचं हे हाताला कळायला लागलं.

अशाच एका रविवारी डहाणूच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई दुकानदाराशी लाल दोऱ्यावरून वाद घालत होत्या. तो गुजराती वळणाच्या मराठीत सांगत होता की बेन, लाल म्हणजे लालच. त्या म्हणत होत्या की शेठ, हा विटकरी आहे, मला कुंकवासारखा पाहिजे. आवाज ऐकून मी शाळेत उभी राहायची तशी सरळ उभी राहिले. आमच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या त्या अधीक्षिका बाई होत्या. कार्यानुभवाच्या तासाला त्यांनीच आम्हाला टाके शिकवले होते. साखळी, गहू, काजटाका, मग लांब-आखूड टाका. कापड हातात दिलं की बाई आधी ते उलटं करायच्या. पुढून सगळेच नटतात, म्हणायच्या, मागून बघितलं की कोण घाईत होतं ते कळतं. मागे गाठ दिसली तर सगळं उसवायला लावायच्या. मी कितीदा उसवलं त्याला सुमार नाही.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नाव त्यांना लगेच आठवलं नसावं.

"काय गं, अजून गाठी मारतेस का?"

"नाही, बाई."

"मग ये दाखवायला."

बाई निवृत्त होऊन डहाणूजवळ सरावलीत, एका चिकूच्या वाडीच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ सुरतेला होता, तो दिवाळीला फोन करायचा. त्या दिवसापासून दोन वर्षांहून जास्त काळ माझे रविवार तिथे गेले. आम्ही घरापुढच्या ओट्यावर बसायचो, बोलणं फार होत नसे. बाईंच्या मांडीवर जुना, स्टीलचा मिसळणाचा डबा असायचा. त्याच्या कडेला पोचा आला होता, म्हणून तो स्वयंपाकघरातून बाद होऊन दोऱ्यांसाठी आला होता. मधे एक आणि भोवती सहा अशा वाट्यांत लडी कोंबलेल्या. गडद-फिका कसलाच विचार नाही, नुसता पसारा, असं मला वाटायचं. बाई डबा फिरवून पोचा आपल्याकडे घ्यायच्या आणि मगच बोटं आत घालायच्या. सुईत दोरा मात्र त्या पातळ तारेच्या ओवणीने ओवत. म्हणायच्या, या वयात सगळ्यांचंच असं होतं. मीही तेवढंच समजले.

निघताना मी माझं काम त्यांच्या हातात द्यायची. एका पांढऱ्या टेबलक्लॉथवर मी मोठी फुलं भरत होते. बाई ते उलटं करायच्या, मागून बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "छान. मागची बाजू स्वच्छ आहे." एवढंच. पण हा छान वेगळा होता. मी तो आठवडाभर पुरवून वापरायची.

मग तो हिवाळा आला, ज्यात आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. तलासरीत लोक घराबाहेर झोपत. कुटुंबं आपापली अंथरुणं जोडून घेत आणि मी माझी वळकटी त्यांच्या कडेला पसरायची, फार जवळ नाही, फार लांबही नाही. एका रविवारी दुपारी मी सरावलीत असताना धक्का बसला. आम्ही दोघी बाहेर पळालो आणि चिकूच्या झाडाखाली उभ्या राहिलो. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. थोड्या वेळाने आत आलो तर फळीवरून दोऱ्यांचा डबा पडला होता आणि लडी खोलीभर पसरल्या होत्या.

बाईंना मी खाटेवर बसवलं आणि सगळं गोळा केलं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. त्यांच्यासाठी करण्यासारखं काही पहिल्यांदा हाती आलं होतं. मी गुंता सोडवला, लडी विंचरल्या, आणि माझ्या खणात लावते तशा ओळीने लावल्या. पांढरा, मग पिवळा, केशरी, लाल, असं करत शेवटी जांभळा आणि काळा.

"जिथल्या तिथे ठेवलंस ना?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "आधीपेक्षा चांगलं लावलंय, बाई."

डबा घेऊन त्यांनी पोचा आपल्याकडे फिरवला.

पुढच्या रविवारी त्यांच्या उशीच्या अभ्र्यावरच्या वेलीला जांभळी पानं होती. मला वाटलं, नवीन काहीतरी करताहेत. मोबाइलवरच्या व्हिडिओंत मी तशी निळी-जांभळी पानं पाहिली होती. त्यानंतरच्या रविवारी आणखी पानं आली होती. बाईंनी अभ्रा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, हिरवा कसा खुललाय बघ.

मी हो म्हटलं.

त्या दिवशी त्या आमटीला फोडणी देत होत्या. मी दारात उभी होते आणि त्या माझ्याकडे तोंड करून वाडीच्या मालकाबद्दल काही सांगत होत्या. हात मागे स्वयंपाकाच्या मिसळणाच्या डब्यात फिरत होता. मोहरी, जिरं, हळद. एकदाही वळून बघितलं नाही. मी ओट्यावर आले आणि दोऱ्यांचा डबा उघडला. मग कळलं. तो पसारा नव्हताच. पोचा आपल्याकडे धरला की पूर्वी हळदीच्या जागी पिवळा असायचा, मधल्या तिखटाच्या वाटीत लाल, मोहरीच्या जागी काळा, धण्यांच्या जागी हिरवा. आता धण्यांच्या वाटीत मी जांभळा ठेवला होता.

बाईंना रंग दिसत नव्हते. पूर्वी दुकानात त्यांना विटकरी आणि कुंकवाचा लाल वेगळा कळत होता, म्हणजे कधीतरी मधेच ते थांबलं होतं. कुणाला न सांगता त्यांनी हा डबा लावला असणार आणि त्यावर काम चालवलं असणार.

परतीच्या एसटीत दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती माझ्यापुरती जास्त लागली. त्यांनी माझी फुलंही पाहिली नव्हती. मी आठवडाभर पुरवायची तो छान न बघता म्हटलेला होता. खोलीवर येऊन मी टेबलक्लॉथ पसरला. तो चांगला झालाय की वाईट, हे मला कळेना.

पुढचे काही रविवार मी गप्प राहिले. सांगितलं तर त्या काय म्हणतील याची भीती होती. वसतिगृहात बाईंची चूक काढणारी मुलगी मी पाहिलेली नव्हती. आणि सांगितल्यावर त्यांनी मला येऊ नकोस म्हटलं असतं, तर माझ्या आठवड्यात सहाच दिवस उरले असते. पण त्या दर रविवारी नवी पानं भरत होत्या आणि मला ती बघवत नव्हती. शेवटी एकदा त्या डबा फिरवत असताना मी बोलले.

"बाई, पानं जांभळी झालीत. डबा मी बिघडवला."

बाईंचा हात वाटीवर थांबला. वाडीत कोणी चिकू उतरवत होतं, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"सगळी?"

"त्या दिवसानंतरची."

"आणि तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

त्यांनी अभ्रा मांडीवर सपाट केला, पानांवरून बोट फिरवलं. मी विचारलं, "माझी फुलंही दिसत नव्हती ना तुम्हाला?"

"मी मागच्या बाजूचंच बोलले. पुढच्याबद्दल कधी काही बोलले का?"

नव्हत्या बोलल्या. मी आठवून पाहिलं, एकदाही नाही.

डॉक्टरांकडे जाऊ या म्हटल्यावर मात्र त्या चिडल्या. आहे तेवढं पुरतं म्हणाल्या. दोन रविवारांनी कळलं, भीती ऑपरेशनची नव्हती. नंतर कितीतरी दिवस डोळ्यांत थेंब घालावे लागतात आणि ते घालायला घरात कोणी नाही, हे त्यांना कुणापुढे म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, मी रजा टाकते. त्या म्हणाल्या, रजा काय माझ्यासाठी असते का. मी म्हटलं, मग कोणासाठी घेऊ ते सांगा. त्यावर त्यांनी कधी जायचं ते विचारलं.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. आधी एकाचं ऑपरेशन झालं. मी सरावलीला राहिले, भात-आमटी केली, वेळ झाली की थेंब घातले. काळा चष्मा लावून बाई ओट्यावर बसायच्या आणि आतल्या माझ्या भांड्यांच्या आवाजावरून काय चुकतंय ते सांगायच्या. त्या घरात मला कोणी खुर्ची दिली नाही. रजा संपूच नये असं मला वाटत होतं आणि त्यांचा डोळा लवकर सुधारावा असंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकदम कशा व्हायच्या ते मला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी शिवणाची परवानगी दिली त्या दिवशी बाईंनी ओवणी न घेता सुईत दोरा घातला. पहिल्याच खेपेला गेला. मदतीला पुढे केलेले माझे हात मोकळेच राहिले. मग त्यांनी आपला अभ्रा उजेडात धरला आणि बघत राहिल्या.

"वांग्याची वेल म्हणायची," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वांग्याला वेल नसते. त्या म्हणाल्या, मला शिकवू नकोस. अभ्रा त्यांनी उसवला नाही, घडी करून ठेवला. मग हात पुढे केला. "आण तुझं."

मी टेबलक्लॉथ दिला. सवयीने त्यांनी तो उलटा केला, मग थांबल्या आणि सुलटा करून मांडीवर पसरला. चांगला डोळा जवळ नेऊन त्या एकेक फूल बघत गेल्या. इतका वेळ माझ्या कामाकडे कोणीच बघितलं नव्हतं.

"या पाकळ्या आहेत की पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा?" त्या म्हणाल्या. "गडद कुठे संपतो आणि फिका कुठे सुरू होतो, ते दिसता कामा नये. हे शिकवलं होतं की नाही तुला?"

"शिकवलं होतं."

"मग उसव. सगळी फुलं. रविवारी बघते."

संध्याकाळच्या एसटीने मी तलासरीला आले. खोली तशीच होती, खिडकीशी चटई, खणात ओळीने उभे दोरे. लांब-आखूड टाका उसवायला भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण टाके एकमेकांत शिरलेले असतात आणि घाई केली की कापड फाटतं. मी लहान कात्री घेऊन बसले. पहिलं फूल निघालं तेव्हा पांढऱ्या कापडावर त्याच्या आकाराची बारीक बारीक भोकं राहिली. ओलं फडकं फिरवून नखाने हळूहळू घासलं की ती बुजतात, हेही बाईंनीच शिकवलेलं होतं. मी फडकं भिजवून आणलं आणि घासायला लागले.