न चुरता कापलेला केक

मी हे लिहायला बसलो आहे याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि कुणी काही लिहिलेलंही नाही. आबा सहीपुरतं शिकले, आई तेवढंही नाही. त्यात विषय म्हणावा तर केक कापण्याचा. असल्या गोष्टीवर कागद खर्चावा की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीविषयी जे बोललं गेलं ते पुष्कळांनी ऐकलं, आणि खरं काय झालं ते त्या दिवशी आमच्या ओसरीत बसलेल्या थोड्या माणसांनाच माहीत आहे. त्यांतला मी एक. नावं कुणाचीच घालत नाही.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, शिंगणापूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी नगरला होस्टेलात राहत होतो. बहीण चौथीनंतर घरी. विहिरीचं पाणी, शेण, सोंगणी, खुरपणी हे तिचं सगळं. सरहद्दीवरची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा तिला नगरच्या कॅम्पातलं स्थळ सांगून आलं. मुलगा लष्करी भांडारात कारकून, कायम नोकरी, घरात नळ. आई चार माणसांत बोलताना नोकरी विसरायची, नळ विसरायची नाही. बहीण कुणाजवळ काही बोलली नाही. फक्त मला एकदा विचारलं, "नळाखाली नुसता हात धरायचा, व्हय रे दादा? वढायचं काईच न्हाई?" मी हो म्हणालो. तिनं तळहात पुढे धरून पाहिला, आणि तिला ते घर हवं होतं हे मला त्यावरून कळलं.

स्थळ आणलं होतं आईच्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या मामांनी. सोयरिकी जमवणं हाच त्यांचा उद्योग. पाहुणे यायच्या काही दिवस आधी, मी घरी असताना, ते मुद्दाम येऊन बसले आणि चहा बशीत ओतून म्हणाले, "एक गोष्ट हाय. मुलाची आई केक घेऊन येती."

"काय घेऊन येती?" आईनं विचारलं.

"केक. बेकरीतला. मुलीला म्हनती, काप. कशी कापती त्यावरनं घराणं कळतं म्हनं."

"आमच्या टायमाला सुईत दोरा ववायला लावायचे."

"सुई कुनालाबी येती. म्हनून तर ह्ये काढलंय. राहुरीकडच्या एका पोरीनं इळी काढली, पाय टाकून बसली आन केक पात्यावर दाबला. नुसता भुगा. ती बाई अजून सांगती लोकांना, 'आम्ही केक मागितला होता, यांनी कोंडा वाढला.'" मामा स्वतःच हसले. मग म्हणाले, "त्या बाईचाच बाप आमच्या शिवारात शेळ्या राखायचा. पन आता कॅम्पात ऱ्हाती ना." जाताना चप्पल पायात घालता घालता त्यांनी बजावलं, "मी सांगितलं ह्ये कुठं निघता कामा न्हाई. माजं नाव आलं तर उद्या मला दारात कोन हुभं करील?"

राहुरीकडच्या त्या मुलीचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. आमच्या घरांत सुरी नसते. विळीचं पातं जागच्या जागी उभं, आणि वस्तू त्याच्याकडे न्यायची. कांदा जातो, वांगं जातं. केक तसा न्यायचा तर आधी मुठीत धरावा लागतो, आणि मुठीत धरला की तो संपला.

मी नगरला परतल्यावर बेकरीतून केक घेतला, साधा, पिवळा, वर काही न लावलेला. होस्टेलात शेजारच्या खोलीतल्या मुलाचे वडील एका बंगल्यावर खानसामा होते, म्हणून त्याच्याकडे गेलो. बहिणीचं सांगितलं. त्याने शिकवायचं कबूल केलं, पण चार पोरांना बोलावून. मी भाजीच्या सुरीनं पहिला तुकडा पाडला तो तुकडा नव्हताच.

"अरे, दाबतोस काय? म्हैस खाली बसवायची आहे का?"

दुसराही तसाच गेला. पोरं वर्तमानपत्रावरचा चुरा बोटांनी टिपून खात होती. एक जण म्हणाला, "अजून एकदा नापास हो, मला भूक आहे." दुसरा म्हणाला, "याच्या बहिणीला सांगा, चमच्याने वाढ आणि खीर म्हण." मीही हसलो, कारण न हसून चाललं नसतं.

पण शेवटी त्या खानसाम्याच्या मुलानं नीट सांगितलं. ताजा केक कुणाच्याच हाताला दाद देत नाही. तो आदल्या दिवशीचा असावा. सुरी लांब आणि दाते असलेली. ती गरम पाण्यात बुडवायची आणि कोरडी पुसायची. डावा तळवा केकवर नुसता टेकवायचा, धरायचं नाही. मग करवतीसारखी पुढेमागे ओढायची. भार सुरीचा, हाताचा नाही. तळाशी पोचल्यावर वर उचलायची नाही, बाजूनं काढायची. प्रत्येक तुकड्यानंतर पुन्हा पुसायची, कारण चिकटलेला कण पुढच्या तुकड्याला फाडतो. त्यानं घरची सुरीही आणून दिली. "पाहुणे गेले की परत आण," तो म्हणाला, "नाहीतर बाप माझे तुकडे करील. तेही न चुरता."

आणखी एक केक घेऊन मी एसटीनं गावी गेलो. मांडीवर धरला होता, तरी घोडेगावला चढलेल्या एका बाईचं कांद्याचं गाठोडं अर्ध्या केकवर बसलं. उरलेल्या अर्ध्यावर बहिणीला शिकवायचं ठरवलं. त्यात अंडं आहे म्हटल्यावर आईनं आम्हाला देवापासून लांब, गोठ्याजवळ बसवलं.

"तुला कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?" बहीण म्हणाली.

मी करून दाखवलं. माझा तुकडा कडेला ढासळला. तिनं सुरी घेतली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि ओढली. तुकडा उभा राहिला, भिंतीसारखा. तिनं दुसरा कापला, मग तिसरा. "इळ्यानं गहू सोंगताना बी असंच," ती म्हणाली. "दाबला तर काडी मोडती. वढला की कापतं." मला अख्खा केक लागला होता, तिला अर्धासुद्धा लागला नाही.

पाहुणे रविवारी आले. मुलगा, त्याची आई, त्याची आत्या, आणि बरोबर मामा. मुलगा भला वाटला. खाली मान घालून बसला होता. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मग बाईंनी पिशवीतून दोरीनं बांधलेलं खोकं काढलं.

"घे गं. एवढा काप बघू सगळ्यांना. सुरी नसेल तर विळी चालेल हो आम्हाला."

आत्याबाईंनी तेवढ्यातच पदर तोंडाला लावला होता.

बहीण आत गेली आणि ताट, गरम पाण्याचं पातेलं, धुतलेलं फडकं आणि ती सुरी घेऊन आली. खाली बसली. सुरी बुडवली, पुसली, तळवा टेकवला. ओसरीत फक्त सुरीचा बारीक आवाज येत होता. तिनं तुकडे पाडले, सुरीवरच घेऊन एकेका बशीत ठेवले. पितळी ताटात कण पडला नाही. मी बघत होतो, ताट लखलखीत होतं. आत्याबाईंचा पदर हळूहळू खाली आला.

"छान कापलाय," मुलगा म्हणाला. त्याच्या आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तोंडाशी नेलेला तुकडा परत बशीत ठेवला.

माणसं हसायला म्हणून येतात आणि हसायला मिळत नाही, तेव्हा त्यांना आपलं काही चोरीला गेल्यासारखं वाटत असावं. मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

"कुणाकडे कामाला होतीस गं?" बाईंनी विचारलं.

"कुनाकडंच न्हाई."

"मग हात असा कुठे बसला? मला जमायला दोन वर्षं लागली."

"घरीच शिकले."

"घरी." बाईंनी सावकाश नजर फिरवली. कणगी, चूल, सारवलेली जमीन, बाहेर बांधलेली गाय. "ऐकलंत का वन्सं? घरीच शिकली. दात्यांची सुरीसुद्धा घरचीच."

"कॅम्पात साहेबांच्या बंगल्यांवर असतात अशा मुली," आत्याबाई म्हणाल्या. "हुशार असतात हो. हात फार चांगला असतो. बाकीचं आपण कशाला विचारा."

आबांना ते बोलणं कुठे चाललं आहे हे कळलं नाही. ते कौतुकानंच म्हणाले, "आमच्या पोरीला समदं येतं."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या.

तेव्हा मी बोललो. "मी शिकवलं तिला. सुरीही मीच नगरहून आणली."

"भावानं असं सांगायचंच असतं, बाळ." बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. "पण मग केक येणार हे तुला कुणी सांगितलं?"

मी मामांकडे पाहिलं. मामा टोपी काढून तिची शिवण तपासत होते. मी वाट पाहिली. सगळेच वाट पाहत होते. मामांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि आबांना म्हणाले, "यंदा गहू बरा दिसतोय रस्त्यानं."

बाईंनी उरलेले तुकडे खोक्यात भरले, दोरी बांधली आणि खोकं परत पिशवीत ठेवलं. "कळवतो," म्हणाल्या आणि निघाल्या.

बहीण सुरी धूत बसली होती. मी जवळ गेलो तर तिनं वर न बघता विचारलं, "चुरा पडला का रे कुठं?"

"न्हाई."

"मग?"

मी तिच्या हातून सुरी घेऊन पुसली. दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन मी नगरला परतलो.

पुढचे दिवस परीक्षेचे होते. मी घरी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. आमच्याकडे पत्र गावच्या गुरुजींकडून लिहून घ्यावं लागतं, म्हणून मी त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. एसटी स्टँडवर गावचं कुणी भेटतं का बघायचो. भेटलेल्यांपैकी एक जण माझ्याकडे बघून दुसऱ्या बाजूला वळला, तेव्हा त्यानं मला ओळखलं नसेल असं मी धरलं.

शेवटचा पेपर देऊन आलो तर मेसच्या फाटकाशी आमच्या गावचा एक माणूस उभा होता. ट्रॅक्टरचा सुटा भाग घ्यायला आला होता आणि आईनं माझ्यासाठी दिलेली चटणी त्याच्याजवळ होती. मी पुडकं घेतलं आणि कॅम्पातून काही कळलं का विचारलं.

"तुला न्हाई माहीत व्हय?" तो म्हणाला. "कवाच न्हाई म्हनले ते. नुसतं न्हाई म्हनले असते तर चाललं असतं. पोरगी बंगल्यावर हुती म्हनून सांगत सुटले. बाजारात तुज्या आबाला लोकं इचारायचे, पोरगी परत कवा आली म्हनून."

"ती कुठं गेलीच नव्हती."

"आता मला म्हाईत हाय रे. कुनाकुनाला सांगशील?"

"मामा काही बोलले नाहीत?"

"मामानंच तर दुसरं आनलं. काष्टीचं. बिजवर हाय, जनावरांचा दलाल. दोन पोरं हायेत पदरात. असल्या बोभाट्यात दुसरं कोन येनार? मामा म्हनला, लवकर उरका."

"कधी करायचं ठरलंय?"

"झालं की. तुजे पेपर चालू हुते तवाच. आबा म्हनले, पोराचं वरीस जाईल, कळवू नका."

जे तोंडाला आलं ते मी विचारलं. "कानपिळीला माझ्या जागी कोण होतं?"

"तुज्या चुलत्याचं धाकटं. नवरदेव लई उंच, पोराचा हात पुरंना. मग मामानं उचलून धरलं. लई हसले समदे."

"आणि ती?"

"ती व्हय?" त्यानं आठवून पाहिलं, अगदी मनापासून. "तिच्याकडं कोन बघत हुतं?"