पाण्याशिवाय भोक नाही

माझ्या आत्याचा धंदा भोकं पाडून देण्याचा. काच, फरशी, चिनी मातीच्या कुंड्या, ग्रॅनाइट आणि सगळ्यांत कटकटीचा क्वार्ट्झ. लोक वस्तू कापडात गुंडाळून आणायचे आणि विचारायचे, "लगेच होईल ना?" तेवढ्यानंच तिचं डोकं फिरायचं.

"लगेच हवं असेल तर घरी खिळा ठोका. तुकडे लगेच होतील."

नळांच्या दुकानामागच्या बोळात तिची एक खोली होती. खिडकीखाली जाड फळी, तिच्यावर स्टँडला बसवलेलं ड्रिल, खाली पसरट टब. टबात लाकडाचा तुकडा आणि त्यावर दगड. दगड बुडेल एवढंच पाणी. विजेची वायर वरून टांगलेली, म्हणजे ओघळ आला तरी तो बटणापर्यंत पोचणार नाही. आत्याच्या डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर घट्ट मास्क, केस बांधलेले, बांगड्या काढून खुंटीला अडकवलेल्या.

तिचं सगळं शास्त्र दोन वाक्यांचं होतं. पाण्याशिवाय भोक नाही. आणि जोर लावायचा नाही, हिऱ्याचे कण लावलेल्या नळीसारख्या पात्याला त्याचं काम करू द्यायचं.

हे शास्त्र जगाला पटलं, नवऱ्याला पटलं नाही.

आतोबा क्वार्ट्झचे ओटे कापायचे आणि बसवायचे. जन्मभर सुकंच कापलं, पाण्याविना, धूळ उडवत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानातले केस सगळं पांढरंफेक. आत्या त्यांना दारातच थांबवून ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुसता पुसता बोलायची.

"अहो, मास्क दिला होता तो कुठाय?"

"खिशात आहे."

"खिशाला दम लागतो का?"

"तोंडाला ते बांधलं की मलाच दम लागतो. तू नको मला शिकवू. तुझ्या आधीपासून दगडात आहे मी."

आत्या माझ्या आईला म्हणायची, "वहिनी, क्वार्ट्झला भोक पाडणं सोपं. या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट शिरवायची तर माझी सगळी पाती झिजली."

मग खोकला सुरू झाला. आधी जिन्यावर, मग जेवताना, मग नुसतं बसल्या बसल्या. आत्या त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि सांगितलं, "ही दगडाची बारीक धूळ आहे. आत बसलेली निघायची नाही. नवी जाऊ देऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे."

बाहेर आल्यावर आतोबा म्हणाले, "बघ, म्हणाले ना, काही करता येत नाही."

आत्या रस्त्यातच उभी राहिली. "एवढंच ऐकलंत? शेवटचं वाक्य कुणाला सांगत होते ते, कंपाउंडरला?"

पुढे बरेच दिवस घरात अबोला होता. शेवटी आतोबांनी कबूल केलं की आता बाहेरची कामं बंद, तुझ्याच दुकानात बसतो. आत्या खूश झाली, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

एका दुपारी आतोबा पेपर आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. आत्या कुंड्यांना भोकं पाडत होती, मी शेजारी बसून कुंड्या पुसत होते. मोठं पातं घ्यायला डबा उघडला तर नवं कोरं पातं गायब. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आतोबांचा जुना ठेकेदार.

"वहिनी, एक पातं द्याल का पाठवून? यांनी आणलेलं जळलं. नुसता धूर."

आत्यानं फक्त पत्ता विचारून फोन ठेवला. बॅटरीवरचं ड्रिल, दुसरं पातं, पाण्याची बाटली, जुने टॉवेल आणि मातीचा गोळा पिशवीत भरला. मला म्हणाली, "चल ग, रिक्षा थांबव."

नव्या इमारतीतलं स्वयंपाकघर धुरळ्यानं भरलं होतं. ओटा बसवलेला, सिंकची जागाही कापून झालेली, फक्त नळाचं भोक राहिलेलं. आतोबा ओट्याशी वाकून खोकत होते. मास्क अर्थातच खिशात.

आत्याला पाहून ते म्हणाले, "एकच होतं ग. याची अडचण झाली होती."

"आणि माझी नाही झाली?"

ठेकेदार मध्ये पडला. "वहिनी, पाणी नको हां. खालची कपाटं फुगतील. सुकंच उरकू."

"थेंब खाली जाणार नाही. बाजूला व्हा."

तिनं कपाटात टॉवेल अंथरले. मातीची वळी करून खुणेभोवती कडं लावलं आणि त्यात पाणी ओतलं. इवलंसं तळंच झालं. ड्रिल आधी थोडं तिरकं धरलं, दगडावर चंद्रकोर उमटली, मग हळूच सरळ केलं. मध्ये मध्ये उचलून घ्यायची, म्हणजे पांढरा गाळ बाहेर यायचा. सगळं ठीक चाललं होतं.

पण ठेकेदाराची जीभ थांबेना. "असं केलं तर वर्ष लागेल. अजून किती ओटे पडलेत माहितीये? हे सुकं करतात तर पाच मिनिटांत..."

आणि मागून आतोबांचा आवाज. "अगं, दे इकडे. मी टाकतो उरकून."

आत्याच्या हनुवटीखालची शीर ताठ झालेली मला दिसली. तिनं दाबलं. सगळा राग खांद्यातून हातात आणि हातातून दगडात उतरला.

टक्.

भोकापासून सिंकच्या कडेपर्यंत बारीक रेघ गेली. मातीचं कडं फुटलं, पाणी त्या रेघेत शिरलं.

"झालं समाधान?" ठेकेदार ओरडला. "म्हणून म्हणत होतो, पाणी नको!"

"पाण्यानं नाही गेलं," आत्या मास्क काढून म्हणाली. "मी जोर लावला. चूक माझी." आणि तिथंच फरशीवर बसून ती रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आतोबा गडबडले. खिशातला चुरगळलेला मास्क काढून तिचे डोळे पुसायला लागले, तशी ती आणखीच भडकली.

"तो नाकावर लावा! निदान आज तरी!"

नवा ओटा आत्यानं भरून दिला, पण अट घातली: बसवायच्या आधी तो दुकानात यायला हवा. आला. खाली लाकूड, वर पाण्याची धार, आणि तळाशी पोचताना हात अगदी हलका. भोक असं पडलं की खालच्या कडेचा एक टवकाही उडाला नाही. ठेकेदारानं कडेवरून बोट फिरवलं, ओटा टेम्पोत चढवला आणि बाकीची सगळी कामं दुसऱ्या एका सुक्या कारागिराला दिली. आत्याला हे कळलं तेव्हा तिनं दिवसभर गिऱ्हाइकांवर राग काढला.

आतोबा मात्र त्यानंतर खरंच दुकानात बसायला लागले. पाण्याची धार धरायचं काम त्यांच्याकडे. मास्क लावायचे, पण गिऱ्हाईक आलं की हनुवटीवर सरकवायचे आणि गप्पा मारायचे. गप्पांत धार भलतीकडेच जायची.

"अहो, पाणी दगडावर! माझ्या पायावर नको!"

"पायालाही हवंच की. तापलेली असतेस डोक्यापासून पायापर्यंत."

पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंच आहे, वाढलेलं नाही, हे चांगलं लक्षण. आत्याचा चेहरा पडला. तिला कमी झालेलं हवं होतं. बाहेरच्या बाकड्यावर ती धप्पकन बसली.

"एवढं भांडले, एवढी ओरडले, आणि हाती काय? आहे तेवढंच!"

"तेवढंच आहे म्हणून तर अजून तुझं ऐकायला शिल्लक आहे मी," आतोबा म्हणाले आणि हसायला लागले. हसण्याचा खोकला झाला. आत्या एकीकडे त्यांना बोल लावत होती आणि दुसरीकडे तळहातानं त्यांची पाठ चोळत होती, खोकला पूर्ण थांबेपर्यंत.