तिघींचे पाय

मला अंधाराची भीती वाटते, हे आमच्या घरात सांगायची सोय नव्हती. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. माझा बा उघड्या रानात, लांडग्याच्या वाटेवर घोंगडं टाकून घोरायचा. त्याची लेक सीताफळीच्या झुडपामागं कुणीतरी बसलंय म्हणून रडते, हे कळलं असतं तर वस्तीवरची मेंढरंसुद्धा हसली असती.

तरी रोज रात्री मी त्याच रानातून घरी यायची. आमची वस्ती दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. दुष्काळाचं ते दुसरं साल. टँकर आला तर पाणी, नाहीतर नाही; मेंढरं विकून विकून थोडीच उरलेली. तिकडं शहर मात्र दर महिन्याला एखादं शेत गिळत होतं आणि वाळूजच्या कारखान्यांना माणसं पुरत नव्हती. तिथं मला औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम लागलं. गळ्यात ओळखपत्र आलं, त्यावर माझा एकटीचा फोटो. मी ते फक्त आंघोळीपुरतं काढायची.

बाची अट एकच होती. दुसरी पाळी रात्री दहाला सुटायची, कंपनीची गाडी फाट्यावर सोडायची आणि तिथून जंगलखात्याच्या झाडीतून मैलभर पायवाट. "शेजारच्या वस्तीवरच्या, तुझ्याच कंपनीतल्या त्या दोघी पोरी संगं हायेत तवर जा," बा म्हणाला. "एकटी आलीस असं कळलं की त्या दिशी काम बंद. मग पाव्हणं बघायला मी मोकळा."

दोघी महिनाभर टिकल्या. मग एकीचं लग्न झालं आणि दुसरीनं बजाजनगरात खोली घेतली. घरी मी यातलं अक्षर बोलले नाही.

आता अडचण होती ती बाच्या कानांची. संध्याकाळी मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात शिरायची, तेव्हा बा त्यांच्याकडं पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या खुरांच्या आवाजावर मोजायचा. "एक कमी हाय. लंगडी मागं ऱ्हायली," असं म्हणायचा, आणि बघावं तर लंगडीच मागं राहिलेली असायची! असा माणूस रात्री अंगणात बाजेवर पडलेला. त्याला एका पोरीच्या चपला तिघींच्या कशा वाटाव्यात?

मग काय, मी नाटक सुरू केलं. झाडी संपेपर्यंत बॅटरी घट्ट धरून, देवाचं नाव घेत, जवळजवळ पळतच यायची. पाऊस नसल्यानं पानं सगळी खाली पडलेली, त्यामुळं माझेच पाय मला मागून आल्यासारखे ऐकू यायचे. वस्तीचा दिवा दिसला की थांबायचं, दम खायचा आणि तिथून पुढं तिघी व्हायचं. एकीचा आवाज घोगरा, दुसरी नाकात बोलणारी. "अगं हळू चाल की!" "तुलाच मेलीला घाई!" मग तिघींचं हसू. तीन पावलं चपला फरफटत, चार पावलं टाचा आपटत, दोन पळत. वाट फुटायची तिथं "येते गं" म्हणायचं आणि स्वतःलाच "नीट जा गं" म्हणून उत्तर द्यायचं. जंगलखात्याच्या गार्डनं बघितलं असतं तर थेट दवाखान्यातच नेलं असतं.

मी अंगणात आले की बा बाजेवरनं डोकं उचलायचा.

"आल्या का तिघी?"

"आल्या."

"ऐकलं म्या. तिघींचं पाय."

काय सांगू, मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा! एवढ्या तिखट कानाच्या माणसाला मी रोज फसवत होते.

एका रात्री मात्र सगळंच अंगलट आलं. दोन दिवसांच्या खोकल्यानं घसा पार बसलेला, तोंडातून शब्द फुटेना. त्यात झाडीत चप्पल तुटली आणि टाचेत बाभळीचा काटा गेला. बोलायला आवाज नाही, नाचायला पाय नाही. मी एकटीच, एका पायावर लंगडत, वस्तीकडं आले आणि रडत होते. अंधारासाठी नाही, त्या कामासाठी. उद्यापासून गाडी फाट्यावर येईल आणि मी तिथं नसेन, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बानं डोकं उचललं. "आल्या का तिघी?"

मी कशीबशी मान हलवली.

"ऐकलं म्या," बा म्हणाला. "आज तर लई खिदळत होत्या."

मी तिथंच उभी राहिले. बा कूस बदलून झोपी गेला.

सकाळी माय भाकरी थापत होती. मी खुणा करून, अर्ध्या आवाजात विचारलं. तिनं वर बघितलंही नाही. "दोन सालं झाली. डावा कान आधी गेला, मग उजवा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस का एकटी येतीस ते? रोज रातच्याला तिघींचं भांडण ऐकून माझी झोप मोडती. ती नाकात बोलणारी तर मला बिलकुल आवडत नाय."

मग तिनं हात थांबवला. आमच्या थोड्या मेंढरांबरोबर वस्तीवरच्या चार घरांची मेंढरं बाच्या राखणीला होती. "बहिऱ्याच्या हवाली कोण करंल? लांडगा आला तर ह्याला कळायचं कसं? ते काम गेलं तर हा माणूस बसून बसून मरंल."

मी बाहेर बघितलं. मेंढरं सोडायची वेळ होती. बा वाड्याच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकीच्या पाठीवरनं हात फिरवत मोजत होता. मोजून झाल्यावर इकडंतिकडं बघितलं आणि लोकांना दिसावं म्हणून पाठ करून उभा राहिला. नाटकाचं अंग मला कुठून आलं, ते तेव्हा कळलं.

आता गप्प राहिले असते तर माझं काम पक्कं होतं. असा राखणदार कुणाला मिळतो? पण मला लाज वाटली, आणि माया दाटून आली. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"बा, मी एकटीच येते. लई दिवस झाले."

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. गेलं काम, मी मनात म्हटलं.

"मला बी ऐकू येत नाय," तो हळूच म्हणाला.

"ठावं हाय."

"मायला सांगू नको. घोर लागंल तिला."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मी म्हणाले, नाही सांगत.

त्यानं मला खाली बसवलं, कनवटीचा चिमटा काढला आणि टाचेतला काटा ओढला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बडबडत येऊ नको. आपण बोललं की रान गप होतं, मग कोण कुठं हाय कळत नाय. तू गप ये. कान उघडं ठेव."

पाव्हण्यांचं नाव त्यानं काढलं नाही.

त्या रात्री मी तोंड मिटून चालले. भीती तसूभर कमी झाली नाही, खोटं कशाला सांगू! पण मध्येमध्ये थांबत होते आणि ऐकत होते.

घरी आले तर बा बाजेवर उठून बसलेला, शेजारी कंदील लावलेला. तिघींचं त्यानं विचारलं नाही.

"काय काय ऐकलंस?"

मी त्याच्यासमोर, तोंडावर उजेड पडेल अशी बसले आणि फाट्यापासून सांगायला लागले.